आधी ओठ उचल

शालनसिस्टर कुठल्याही लहान मुलाला आधी नाव विचारत नसत. अंगठ्याने त्याचा वरचा ओठ उचलून दात पाहत. लग्नात, जत्रेत, पेडण्याच्या बसस्टँडवरसुद्धा. त्या येताना दिसल्या की आया पोरांना मागे ओढत, आणि आपण मुलांच्या फार लाडक्या आहोत असं सिस्टरना मनापासून वाटे.

डिचोलीला आम्हा नर्स आणि समाजसेविकांना मुलांच्या दातांची काळजी त्यांनीच शिकवली. मी सुर्ल्याच्या ट्रक ड्रायव्हरची मुलगी, घरातली पहिली पदवीधर. त्यांचा शब्द न् शब्द लिहून घेई. "आदी ओठ उचल गो बाय, मागीर बोल," हे रोजचंच. दिसलं ते सांगायचं, रात्री बाटली कोण देतं, तिच्यात काय असतं ते विचारायचं, आईला दोष द्यायचा नाही. आज्यांना मात्र ही सवलत नव्हती. पोरांचे दात आज्याच बिघडवतात, असं त्यांचं ठाम मत होतं.

प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी सरावासाठी मुळगावची मुलं आली. निरोगी दात कसे दिसतात ते दाखवायला सिस्टरनी स्वतःचा दोन वर्षांचा नातू आणला आणि अभिमानाने माझ्या मांडीवर ठेवला.

मी ओठ उचलला. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ होती. ही किडीची पहिली खूण. इथेच थांबवलं तर दात वाचतो, हे त्यांनीच शिकवलेलं. तालुकाभरच्या पोरांचे ओठ उचलताना घरचा ओठ राहून गेला होता.

"दिसलां ता सांग," त्या म्हणाल्या.

मी सांगितलं. त्यांनी वाकून पाहिलं. "मगे? पुढचो प्रश्न कोण विचारतलो?"

"रात्री बाटली कोण देतं?"

"मी दितंय. साकर घालून. नायतर तो माझ्याकडे निजत नाय."

आधी साखर कमी करा, मग बाटली बंद, असं मी त्यांनी शिकवल्याप्रमाणे न रागावता सांगितलं. सिस्टरनी मान हलवली आणि मला पूर्ण गुण दिले.

काही महिन्यांनी त्यांच्या निवृत्तीच्या समारंभात मी नातवाच्या दातांची चौकशी केली.

"वाचले. बाटली सुटली." मग खांद्यावरच्या शालीची घडी घालत म्हणाल्या, "आता तो आवशीकडे निजता."

हल्ली कुठल्याही आजीला बाटली बंद करायला सांगण्याआधी, मूल रात्री आईकडे झोपतं की तिच्याकडे, ते मी विचारते. सिस्टरनी शिकवलेल्या प्रश्नांत हा नव्हता.