शेजारच्या बाईंच्या वडिलांची मराठी वही

लंडनमध्ये हॅरोला आमच्या शेजारी एक इंग्रज बाई राहायच्या. वय पंच्याऐंशीच्या पुढे. घर विकून लेस्टरला मुलीकडे जायचं ठरलं, तेव्हा आवराआवरीत सापडलेली वडिलांची एक वही घेऊन त्या आमच्याकडे आल्या.

"ही तुमचीच भाषा ना? काय लिहिलंय, वाचून सांगाल?"

वडील मराठा पलटणीत अधिकारी होते. विशीत बेळगावला आले, मराठीची परीक्षा पास झाले, काही वर्षं सरहद्दीवर काढली आणि दुसऱ्या महायुद्धात पलटणीबरोबर इटलीला गेले. मेजर होऊन इंग्लंडला परतले आणि पुढे स्लाऊच्या एका कारखान्यात गोदामाचे मॅनेजर म्हणून निवृत्त झाले. हिंदुस्थानचा विषय निघाला की घरात फक्त घोड्यांबद्दल बोलायचे, असं बाई म्हणाल्या.

सुरुवातीची पानं परीक्षेच्या तयारीची होती. 'तुझा घर कुठे आहे?' 'माझी घोडा आजारी आहे.' आमची मुलगी अगदी असंच बोलते. मी ते सांगितलं तेव्हा बाई हसल्या.

शेवटी एकाच पत्राचे तीन कच्चे मसुदे होते, एका शिपायाच्या आईला लिहिलेले. पहिल्यात, मुलगा जागीच गेला, त्याला त्रास झाला नाही, असं होतं. ते सगळं खोडलेलं. दुसरा अर्धवट. तिसऱ्यात लिहिलं होतं: 'तो दोन तास जगला. पोटात गोळी होता. पाणी मागत होता. डॉक्टर नको म्हणाला, म्हणून मी पाणी दिला नाही. मी जवळ बसला होता.'

मी काही न गाळता इंग्रजीत सांगितलं. बाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"यातलं कुठलं पाठवलं त्यांनी?"

"वहीवरून कळत नाही."

"त्या आईला वाचता येत असेल?"

"बहुतेक नाही. गावातल्या कुणीतरी वाचून दाखवलं असेल."

"मग तसंच वाचा," त्या म्हणाल्या. "तुमच्या भाषेत."

मी तिसरा मसुदा मोठ्यानं वाचला, चुका न सुधारता. एक शब्दही कळत नसताना त्या शेवटपर्यंत मान खाली घालून ऐकत होत्या. मग चहा घेतला, कौन्सिलच्या कचऱ्याच्या गाडीबद्दल थोडं बोलल्या आणि गेल्या.

पुढच्या आठवड्यात सामानाची व्हॅन आली. वही मात्र त्यांनी स्वतःच्या पर्समध्ये ठेवली होती.