पोल्ट्रीवाल्या सरांचं गुरुकुल

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी मनातल्या मनात आईवडिलांची क्षमा मागतो आणि पोल्ट्रीवाल्या सरांचं नाव घेतो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. ती पदवी मला विद्यापीठाने दिली हे खरं, पण तिथपर्यंत मला वाढवलं ते ब्रॉयलर कोंबडी वाढवायच्या पद्धतीने. सरांना शिक्षणशास्त्राची दुसरी कुठलीही पद्धत ठाऊक नव्हती, आणि आहे त्यात काही कमी आहे असंही त्यांना वाटत नसे. "पोराला पाय दोन, पिल्लाला पाय दोन," ते म्हणायचे. "फरक येवढाच, की पिल्लाचे आईबाप दर रविवारी भेटायला येत नाय."

चौक गावाहून आत वळलं की डोंगराच्या बाजूला सरांच्या दोन शेड होत्या. सर बी.एस्सी. होते, तेही गणितात, पण त्यांच्या कोंबड्यांना याची कल्पना नव्हती. पुढे एकदा अशी साथ आली की आठवडाभरात दोन्ही शेड रिकाम्या झाल्या. दुसरा कोणी डोक्याला हात लावून बसला असता. सरांनी भिंतींना चुना लावला, जमिनीवरचं भाताचं तूस काढून शेणाने सारवून घेतलं आणि सैनिकी शाळेच्या प्रवेश परीक्षेची तयारी करून घेणारं निवासी विद्यालय काढलं. जागा होती, पाण्याची टाकी होती, जाळी होती. रिकामी ठेवण्यापेक्षा काहीतरी वाढवावं, एवढाच विचार त्यामागे होता. पाटीसुद्धा जुनीच वापरली. तिच्यावर चुना मारून नवं नाव लिहिलं होतं, पण पावसाळ्यात चुना धुऊन जायचा आणि 'निवासी विद्यालय' या शब्दांखाली 'येथे जिवंत व ताजे मिळेल' ही ओळ उगवायची. एकदा हायवेवरचा एक धाबेवाला टेंपो घेऊन आला आणि चाळीस नग पाहिजेत म्हणाला. सरांनी त्याला वर्ग फिरवून दाखवले, चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी त्याचाच मुलगा दाखल करून घेतला. नेण्यासाठी आलेला माणूस ठेवून गेला, अशी ही एकच घटना असेल.

आम्हा पोरांच्या तुकडीला सर 'लॉट' म्हणत. परीक्षा झाली की लॉट निघाला. अधूनमधून कोणी घरी पळून गेला तर वहीत नोंद 'मरतुक' या रकान्यात व्हायची, कारण वह्या जुन्याच शिल्लक होत्या. माझ्या शेजारच्या खाटेवरचा मुलगा दोनदा मेला आणि दोन्ही वेळा त्याचे वडील त्याला मोटरसायकलवरून परत आणून सोडून गेले. पहाटे अंधार असतानाच आडव्या बांबूवरचे सगळे बल्ब एकदम पेटायचे. दिवस मोठा केला की पक्षी जास्त खातो आणि लवकर भरतो, हे सरांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. पोरही उजेड दिसला की पुस्तक उघडतं, असा त्यांचा कयास होता. आम्ही उजेड दिसला की पांघरूण डोक्यावरून घ्यायचो. मग सर मधल्या वाटेने डब्यावर काठी वाजवत फिरायचे. अन्नही तसंच, भरपूर, वेळेवर आणि रोज एकाच चवीचं. एका पालकाने जेवणाबद्दल तक्रार केली तेव्हा सर त्याला म्हणाले, "चव बदलली की पक्षी खात नाय. तुमी घरी चोचले करता म्हणून तर हितं आणून टाकला ना?"

पण शाळेचा खरा कुळाचार म्हणजे रविवारचं वजन. दुसऱ्या शेडच्या छपराखालच्या मधल्या लोखंडी कैचीला एक आकडा होता आणि त्याला कोंबड्या तोलायचा काटा टांगलेला असायचा. काट्याखाली दोऱ्यांनी प्लास्टिकचा क्रेट बांधलेला. आम्ही एकेकाने त्या क्रेटमध्ये गुडघे पोटाशी घेऊन बसायचं, सर काटा वाचायचे आणि निकाल सांगायचे. गणितात नापास झालं तर सर काही बोलत नसत. वजन घटलं तर मात्र चौकशी बसायची. "कमी का झालास? घरची आठवण आली, का पोट बिघडलं, का कोन मारतंय तुला?" या तीन कारणांपलीकडे चौथं कारण जगात नाही असं त्यांचं ठाम मत होतं, आणि सांगायला वाईट वाटतं, पण ते नेहमी बरोबर निघायचं. शाळा सोडून गेलेल्या प्रत्येक पोराने दर दिवाळीला पत्राने वजन कळवावं असा दंडक होता. मी अजून कळवतो. मी लग्नाची पत्रिका पाठवली, तर सरांचं उत्तर आलं, "अभिनंदन. वजन लिहिलं नाहीस."

पोरांनी मारामारी केली तर ते छडी काढत नसत, खाटा लांब करत. जागा कमी पडली की टोचतात, हा त्यांचा सिद्धांत. आणि शेडच्या चारही कोपऱ्यांत त्यांनी पत्रे वाकवून गोलाई केलेली होती. नवी पिल्लं घाबरली की कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरून मरतात, म्हणून पोल्ट्रीत कोपरे बुजवतात. सरांनी पोरांसाठीही ते तसेच ठेवले. पहिल्या दिवशी आई मला सोडून गेली तेव्हा मी रडायला कोपरा शोधत अख्ख्या शेडला फेरी मारली. कोपरा नव्हताच. फिरत फिरत मी पुन्हा सरांच्याच टेबलापाशी आलो. त्यांनी वर न बघता विचारलं, "झाली फेरी? बस आता. पाढे येतात का?"

त्या प्रवेश परीक्षेत मी नापास झालो. नियमाप्रमाणे लॉटबरोबर मीही निघायचा होतो. वडील न्यायला आले. सरांनी मला शेवटचं क्रेटमध्ये बसवलं, काटा बघितला आणि वडिलांना म्हणाले, "हा सैन्यात जायचा नाय. भरतच नाय. पण डोकं चालतंय याचं. राहू दे हितंच, चौकच्या हायस्कुलात जाईल." मी दहावीपर्यंत त्या शेडमध्ये राहिलो. त्याबद्दल सरांनी कधी काही ऐकवलं नाही. फक्त पाहुण्यांना माझी ओळख करून देताना म्हणायचे, "हा न खपलेला माल." आज मी कर्जतला ज्युनिअर कॉलेजात शिकवतो. माल अजून पडून आहे.

पुढे शाळेला बरे दिवस आले आणि बऱ्या दिवसांबरोबर अध्यक्ष आले. जमिनींच्या व्यवहारात हात बसलेला हा गृहस्थ. त्यांनी पहिली शेड पाडून काचेची इमारत उभी केली आणि शाळेला इतकं लांब इंग्रजी नाव दिलं की ते गणवेशाच्या खिशावर मावेना. सर उरले दुसऱ्या शेडमध्ये, आपल्या काट्यासह. तिथे ते राहायचे आणि रविवारी येतील त्या पोरांची वजनं करायचे. मग यंदा रौप्यमहोत्सव आला. अध्यक्षांनी मला माजी विद्यार्थी म्हणून भाषणाला बोलावलं आणि आधी शाळेचा इतिहास समजावून सांगितला. पंचवीस वर्षांपूर्वी निसर्गाच्या कुशीत एका ध्येयवेड्या आचार्यांनी गुरुकुलाचं बीज रोवलं, असा तो इतिहास होता.

"आणि पोल्ट्री?" मी विचारलं.

"मास्तर, मुंबईहून पालक येणार आहेत," ते म्हणाले. "ॲडमिशन सुरू आहेत. कोंबडी हा शब्द नको."

मी तडक शेडवर गेलो. सर खाटेवर बसून काट्याला तेल देत होते. मला वाटलं होतं, आता माणूस भडकेल. ज्याला 'नमस्कार' म्हटलं तरी तिसऱ्या वाक्याला कोंबडी यायची, तो गप्प कसा बसणार? पण सर हळू आवाजात म्हणाले, "महोत्सव झाला की ही शेड पाडणार होते. खेळायचं गवत टाकणार, प्लास्टिकचं. मी म्हटलं, राहू दे. तर अध्यक्ष बोलले, कार्यक्रमात पोल्ट्रीचं नाव नाय घेतलं तर शेड राहील. शब्द दिलाय मी. तू बी घेऊ नको. बाकीच्यांना बी सांग."

"सर, पण हे खोटं आहे."

"शेड खरी हाय ना? बस झालं."

कार्यक्रम थाटात झाला. व्यासपीठावर एक निवृत्त ब्रिगेडियर प्रमुख पाहुणे होते. सरांना भगव्या काठाचं उपरणं घालून कडेच्या खुर्चीत बसवलं होतं. त्यांचा उजवा हात सवयीने सारखा खुर्चीखाली डब्यावर वाजवायची काठी चाचपत होता. मोठ्या पडद्यावर शाळेचा गौरवशाली प्रवास सुरू झाला, बासरी वाजली, हरणं पळाली. आणि मग पहिल्या तुकडीचा फोटो आला.

हा फोटो आम्हा सगळ्यांना पाठ होता. मध्ये सर उभे, त्यांच्या हातात पाय धरून उलटी लटकवलेली कोंबडी, आणि बाजूला दहा-बारा पोरं त्या कोंबडीकडे घाबरून बघतायत. एवढा एकच फोटो होता, त्यामुळे तो टाळता येत नव्हता. कॉम्प्युटरवर काम करणाऱ्यांनी शेडच्या जागी वडाचं झाड बसवलं होतं, खाद्याच्या भांड्यांच्या जागी समया ठेवल्या होत्या आणि कोंबडी काढून सरांच्या मुठीत एक पोथी दिली होती. पण मूठ तीच राहिली. त्यामुळे आचार्यांनी पोथी एका टोकाला आवळून खाली लोंबकळत धरलेली होती, आणि सगळे शिष्य त्या पोथीकडे, आता ही चावते की काय, अशा नजरेने बघत होते.

सभागृहात मागच्या रांगांमधून कोणीतरी खोकल्यासारखं केलं. ब्रिगेडियर साहेब सरळ माणूस होते. त्यांनी माईक ओढून विचारलं, "सर, पोथी अशी उलटी का धरलीय?"

सर उठले. इतक्या वर्षांची सवय तोंडातून आपोआप निघून गेली. "सरळ धरली की फडफड करते साहेब. उलटी धरली की गप राहते."

जुने विद्यार्थी जे हसले ते थांबेनात. अध्यक्षांचा चेहरा समईसारखा पिवळा झाला. ते माईककडे झेपावले, "सर विनोदी आहेत... ज्ञान हे चंचल असतं, असं त्यांना म्हणायचंय..." पण मुंबईहून आलेल्या एका बाईंनी विचारलंच, "म्हणजे इथे आधी पोल्ट्री होती का?"

मी सरांकडे बघत होतो. त्यांनी खिडकीच्या काचेतून पलीकडे दिसणाऱ्या शेडच्या पत्र्यांकडे एकदा बघितलं. मग माईक दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाले, "नाय बाई. हितं कोंबड्या कधी नव्हत्या."

हसू एकदम थांबलं. ज्या माणसाने आमची नावं मरतुकीच्या वहीत लिहिली होती, तो भर सभेत हे म्हणत होता. मागच्या रांगेत हायवेवरच्या त्या धाबेवाल्याचा मुलगा उठला. आता धाबा तोच चालवतो, आणि वजनाच्या बाबतीत सरांना त्याच्याइतकं समाधान कोणी दिलेलं नाही. तो हात जोडून, गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "बरोबर हाय सर. कधीच नव्हत्या. आमी साक्षीला." मग एकेक करत सगळे जुने लॉट उभे राहिले आणि कोंबड्या कधीच नव्हत्या याची ग्वाही देऊ लागले. बाईंचं समाधान झालं. मी भाषणात गुरुकुलाची थोरवी गायली आणि एकदाही घसरलो नाही.

अध्यक्षांनी शब्द पाळला. शेड पाडली नाही. तिच्या पत्र्यांवर गवत चढवलं, दारावर 'आद्य गुरुकुल' अशी पाटी लावली, आणि आता प्रवेशाला आलेले पालक तिथे उभे राहून फोटो काढतात. गुरुकुलात खाट आणि माणूस शोभत नाही, म्हणून सरांना नव्या इमारतीत पंखा असलेली स्वतंत्र खोली दिली. लोखंडी काटाही काढला. मी गेल्या महिन्यात भेटायला गेलो, तर सर त्या खोलीत कॉटवर बसले होते, भिंतीला टेकून, अगदी कोपऱ्यात. दोघांनी चहा घेतला. मी निघेपर्यंत त्यांनी माझं वजन विचारलं नाही. परवा मी त्यांना पत्र पाठवलं, ते असं:

"आदरणीय सर,

साष्टांग नमस्कार. दिवाळीला अवकाश आहे, तरी लिहितो. आम्हाला मुलगी झाली. वजन दोन किलो सातशे. दवाखान्यात सिस्टर म्हणाल्या की पहिल्या आठवड्यात थोडं उतरतं, काळजी करू नका. पण मला तुमच्याकडून ऐकायचं आहे. तिला घरची आठवण येण्याचं कारण नाही, तिला कोणी मारत नाही, म्हणजे उरलं पोटच. माझं वजन अठ्ठ्याहत्तर. यावर काही लिहू नका.

तुमच्या नव्या खोलीला चार कोपरे आहेत, ते मी पाहिले. येताना पत्रा घेऊन येतो, आपण दोघं मिळून वाकवू. धाबेवाल्याच्या पडवीला मजबूत वासा आहे. त्याने आकडा ठोकून ठेवला आहे आणि काटा अडगळीतून नेऊन पुसला आहे. तेल मात्र तुम्हीच द्यायचं, असं तो म्हणतो. या रविवारी तो तुम्हाला न्यायला येईल. टेंपोच घेऊन येणार आहे, जुन्या लॉटची पोरं बरीच आहेत. मुलीला मी सव्वा महिन्याने आणेन. तोवर तुम्ही स्वतः एकदा क्रेटमध्ये बसून बघा. मला तुमचं वजन घटल्यासारखं वाटलं. का कमी झालं ते कळवा.

तुमचा,
न खपलेला"