कपाटातल्या वह्या

त्या प्रकरणाचा विषय निघाला की आजही माझं डोकं तापतं.

ऐंशीच्या दशकात मी मुलुंडला उपनिरीक्षक होतो. एके दिवशी टपालानं हातानं लिहिलेला निनावी अर्ज आला. अमुक सोसायटीतला प्राध्यापक सरकार उलथवायचा कट करतोय. नव्या लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात त्याच्या वह्या आहेत.

पंच घेऊन झडती घेतली. वह्या तिथंच सापडल्या, चौदा. प्राध्यापक कोकणातल्या गिरणी कामगाराचा मुलगा. क्रांत्या आणि चळवळी कशा उभ्या राहतात, का फसतात, हा त्याच्या अभ्यासाचा विषय. वह्यांत संपकऱ्यांच्या मुलाखती होत्या, पण नावं बदललेली.

"ही माणसं कोण? पत्ते सांग," मी दरडावलं.

"वह्या वाचा, हवं तर मला आत टाका. पण त्यांना मी शब्द दिलाय, साहेब. पत्ते मिळणार नाहीत."

वरिष्ठांच्या तोंडी हुकमावरून मी त्याला दोन दिवस ठाण्यात बसवून ठेवलं. स्टेशन डायरीत नोंदसुद्धा केली नाही. दुसऱ्या दिवशी बढतीच्या जागेसाठी त्याची मुलाखत होती. दोन तास सोडा म्हणून त्यानं विनवलं. मी सोडलं नाही.

संध्याकाळी त्याची बायको डबा घेऊन आली. मी तिला अर्ज वाचून दाखवला. ती चमकली.

"नवं कपाट? अहो, ते येऊन आठवडा नाही झाला! तेव्हापासून घरी एकच पाहुणा आलाय. यांच्याच कॉलेजातले सर. माझ्या हातचा चहा पिऊन गेले ना ते!"

ते सर त्याच जागेचे उमेदवार होते. त्यांना बोलावून चार ओळी लिहायला लावल्या. अक्षर तंतोतंत जुळलं.

"मी फक्त संशय कळवला," ते शांतपणे म्हणाले.

खोटी माहिती दिल्याबद्दल कारवाई व्हावी, असा अहवाल मी पाठवला. वरिष्ठांनी तो दप्तरी दाखल केला. "मास्तरांच्या भांडणात आपण कशाला पडायचं?" जागा त्या सरांना मिळाली.

वह्या परत द्यायला आम्ही वर्ष लावलं. त्या घेताना प्राध्यापकानं एवढंच विचारलं, "यातल्या कुणाच्या घरी पोलीस गेले नाहीत ना?"

"नाही," मी म्हणालो. त्यानं मान हलवली आणि तो गेला. पुढं निवृत्तीपर्यंत तो त्याच साध्या पदावर राहिला.

त्यानंतर निनावी अर्ज आला की मी आधी लिहिणाऱ्याचा शोध घेई, मगच कुणाचं दार ठोठावी. हा धडा मला त्या माणसाच्या नुकसानीतून मिळाला. माझ्या बढत्या मात्र वेळच्या वेळी होत गेल्या.