डांबराच्या धुरातले मासे

बहात्तरच्या दुष्काळात मी आईच्या पोटात होते आणि आईला डोहाळे लागले होते धुरावर वाळवलेल्या वाम माशांचे. चिंच नको, कैरी नको. वडील शाळामास्तर, मास्तरीणबाईंना हे शोभतं का, म्हणून शेजारणी चिडवायच्या. आई खुशाल दुसरा मासा उचलायची.

हे मासे आणायची प्रवरेकाठची भोईण रंगुबाई. दर शुक्रवारी ती श्रीरामपूरच्या बाजारात टोपली मांडायची. बाभळीचा धूर द्यायचा आणि विकण्याआधी पहिला मासा स्वतः चाखायचा, हा तिचा नेम. कुणी हसलं की म्हणायची, "तुमच्या पोटाची काळजी मग कुनी करायची?"

त्या वर्षी सरपणाची बोंब होती. रुळाकडेला टाकलेल्या जुन्या लाकडी स्लीपरच्या ढलप्या तिने उचलून आणल्या. धूर दाट झाला, मासे काळेभोर चकाकले. शुक्रवारी नेमकी एकादशी आली, त्यामुळे चाखायचं राहिलं. टोपली मात्र हातोहात खपली. आम्ही ख्रिस्ती, आमच्या घरी कसली एकादशी? आईने त्याच संध्याकाळी दोन मासे फस्त केले.

शनिवारी सकाळी रंगुबाईने घरी उरलेला मासा तोंडात घातला आणि लगेच थुंकला. लाकडाला पाजलेलं डांबर माशांत उतरलं होतं. तीन कोस चालत ती आली आणि ओळखीच्या घरांतून मासे परत मागत फिरली. आमच्या दारी पोचली तेव्हा तिला धाप लागली होती.

"मास्तरीणबाई, खाल्लं का?"

"दोन खाल्ले. का हो?"

रंगुबाई मटकन उंबऱ्यावरच बसली. "लई चुकलं माजं. तुमी पोटुशी, अन् म्या न चाखताच दिलं!"

आई तिला घेऊन डॉक्टरांकडे गेली. डांबराच्या धुरात विषारी रसायनं असतात, पण दोन माशांनी बाळाला काही होईल असं वाटत नाही, असं ते म्हणाले. आई तेवढ्यावर निर्धास्त झाली. रंगुबाईला मात्र डॉक्टरांचं बोलणं छातीठोक वाटलं नाही. बाळ धडधाकट होईपर्यंत माशाला हात लावायचा नाही असं ठरवून ती दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. अशी हट्टी बाई मी दुसरी पाहिली नाही. दर शुक्रवारी ती रिकाम्या हाताने यायची, आईचं पोट पाहायची आणि निघून जायची.

तीन महिन्यांनी मी जन्मले. रंगुबाई आली, पण दारातच थांबली. आईने बाळाला घ्या म्हटलं तर ती हात पदराखाली लपवून म्हणाली, "नगं. माज्या हाताला वास येतो."

आईने तिचे दोन्ही हात ओढून नाकाशी धरले. त्यांना माशाचा वास नव्हता, धुराचाही नव्हता. तळव्यांना घट्टे पडले होते आणि भेगांत खडीची धूळ बसली होती. आईला रडू आलं. तिने मला त्या हातांत ठेवलं.