मागे बांधलेला कंदील

बाबांना संध्याकाळनंतर दिसत नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मॅट्रिक होऊन मी नागपूरहून, तिथल्या मामांचा निरोप घेऊन, रिसोडला घरी आले. त्या वर्षी कॉलेजचं काही जमलं नाही आणि मी घरीच राहिले. नागपूरच्या इंग्रजी शाळेत आणि तिच्या बोर्डिंगात इतकी वर्षं काढलेल्या मुलीला आपल्याच घरात पाहुण्यासारखं वाटतं. पाहुणा बोलत कमी आणि बघत जास्त असतो. मी बघत होते. दिवे लागून गेल्यावरही बाबा विचारायचे, "दिवा लावला का ग?" पाण्याचा पेला हातात घेण्याआधी त्यांचा हात पाटाच्या कडेवरून हळूच सरकत यायचा. उंबरठा ते पायाने शोधायचे आणि शोधताना काहीतरी बोलत राहायचे, म्हणजे आमचं लक्ष त्यांच्या बोलण्याकडे राहील.

बाबा रिठदच्या शाळेत शिक्षक होते. रोज सायकलने जायचे आणि शाळा सुटली की सायकलनेच परत यायचे. उन्हाळ्यात त्याचं काही वाटत नसे. पण दिवाळीनंतर दिवस लहान झाले आणि ते अर्ध्या वाटेत असतानाच सूर्य बुडू लागला. एकदा तळहात सोलून आले. कुत्रं आडवं आलं म्हणाले. पुढच्या आठवड्यात गुडघ्यावर धोतर फाटलेलं होतं. कुत्रं पुन्हा तेच होतं. शाळाखात्याला हे कळलं तर आपल्याला घरी बसवतील, ही त्यांची भीती होती. ती त्यांनी कधी बोलून दाखवली नाही, पण घरात पेन्शनचा विषय निघाला की ते उठून अंगणात जात. आईला किती माहीत होतं, हे मला आजही सांगता येणार नाही.

मी एवढंच म्हटलं की मला घरी करमत नाही, रिठदच्या मुलींना मी भरतकाम शिकवते. बाबा जेवून हात धुऊन आले आणि म्हणाले, "तुझी सायकल मागवून घे मामाकडून."

सायकल मोटारीच्या टपावरून आली. त्या वेळी रिसोडात सायकलवर बसणारी दुसरी मुलगी मला तरी माहीत नव्हती. पहिल्या दिवशी शाळा सुटल्यावर गावाबाहेर आलो, तेव्हा बाबा थांबले, टायर दाबून पाहिल्यासारखं केलं आणि म्हणाले, "तू पुढे हो. मुलीच्या जातीने पुढे असावं, मागे मी आहे." मी पुढे झाले. त्या विषयावर आमच्यात झालेलं बोलणं तेवढंच.

पुढच्या दिव्याचा नियम सगळ्यांना ठाऊक होता, कारण बिनादिव्याची सायकल दिसली की शिपाई तालुक्याच्या गावात अडवत असे. मागच्या दिव्याचं कोणालाच काही नव्हतं. मी एक लहान कंदील कॅरिअरला बांधला. वाऱ्याने वात फडफडू नये म्हणून त्याच्या एका अंगाला बिस्किटांच्या डब्याचा पत्रा वाकवून लावला. मडगार्डला चुन्याचा पट्टा ओढला. साडी पांढरीच नेसायची, हे हळूहळू ठरून गेलं. एकदा फार गारठा होता म्हणून आईची काळपट शाल पांघरून निघाले, तर बाबा म्हणाले, "ती पांढरी नाही का आज?" दुसऱ्या दिवसापासून मी पांढरी चादरच दुहेरी करून पांघरू लागले. कशी दिसत असेन ते माझं मला माहीत.

बाबांना रस्ता दिसत नसे, पण दिवा दिसे. काळोखात एक पिवळा ठिपका, एवढं त्यांना पुरे होतं. ठिपका डावीकडे गेला की ते डावीकडे येत. खड्डा आला की मी घंटी वाजवी. बैलबंडी समोरून येत असली तर जास्त वेळ वाजवी. मागून त्यांची घंटी येई, म्हणजे ते आहेत.

आमच्या शाळेतल्या नन आम्हाला सांगत की चांगल्या मुलीने लोकांच्या नजरेत भरू नये, आणि मला ते मनापासून पटलं होतं. चारचौघांत कोणी माझ्याकडे पाहिलं तरी माझे कान तापत. आणि आता लांबून दिसणं हेच माझं काम होऊन बसलं होतं. रिसोडच्या चौकात पानवाल्याच्या फळीवर बसलेली मंडळी आमची वाट बघत असावीत असं मला वाटे. एकदा त्यांतला एक म्हणालाच, "मास्तर, पोरीवर नजर ठेवून राह्यले का?"

"पुढं असली की दिसते," बाबा म्हणाले.

ते सगळे हसले. बाबाही हसले. शब्दाने खोटं बोलले नव्हते.

एका संध्याकाळी रिठदहून निघायला उशीर झाला, कारण शाळेची तपासणी होती. मार्गशीर्षाचे दिवस होते. दुपारी भुरभुर पाऊस पडून गेला होता आणि आता धुई उतरली होती. वाटेवरच्या बाभळी जवळ येईपर्यंत दिसत नव्हत्या. मी हळू चालवत होते. पुढे एक बंडी चालली होती, वावरातला कापूस भरलेली. आमच्याकडे बंडीचा कंदील खाली, आसाला टांगतात. तो चाकांच्या मधोमध झोके खात जातो. मी घंटी वाजवली, बंडी थोडी कडेला झाली आणि मी पुढे निघून गेले.

थोड्या वेळाने घंटी वाजवली. मागून घंटी आली नाही. पुन्हा वाजवली. मग मी उतरले. मागे पाहिलं तर धुईशिवाय काही नव्हतं, बंडीसुद्धा नव्हती. बंडी कुठे गेली हा विचार आधी आला आणि मग सगळं ध्यानात आलं. माझ्या आणि बाबांच्या मध्ये ती बंडी आली होती. तिच्या ढिगामागे माझा कंदील झाकला गेला होता आणि बाबांच्या समोर एकच ठिपका उरला होता, आसाखालचा.

सायकल फिरवून मी मागे आले. रस्त्याच्या कडेला चाकोरी शेतात वळली होती. पुढच्या दिव्याच्या उजेडात पाहिलं, ओल्या मातीत बंडीच्या चाकांच्या मधोमध सायकलच्या टायरची नक्षी उमटली होती, अगदी सरळ. त्या खुणेवरून मी चालत गेले.

खळ्यावर बैल सोडलेले होते. शेतकरी नवरा-बायको बंडीजवळ उभे होते आणि बाबा सायकल धरून त्यांच्यासमोर. मी बाभळीपाशीच थांबले. मध्ये जावं की नाही, ते ठरेना.

"गुरुजी, तुमी माह्या मांगं मांगं काहून येऊन राह्यले?" शेतकरी विचारत होता. त्याच्या आवाजात राग नव्हता. थोडी भीती होती, कारण मास्तर कापसाच्या बंडीमागे गुपचूप खळ्यापर्यंत येतो, याचा अर्थ त्याला लागत नव्हता.

बाबा म्हणाले, वाट चुकलो.

"रोजची वाट?"

तेवढ्यात त्या बाईने मला पाहिलं. ती माझ्याजवळ आली, माझ्या सायकलभोवती फिरून मागचा कंदील बघितला आणि नवऱ्याकडे वळली. "मी म्हणत नोती का, मास्तरची पोरगी येडी हाय, कंदील मांगं बांधते म्हून? येडी नाई ते." मग बाबांकडे पाहून हळू आवाजात म्हणाली, "तुमाले दिसत नाई ना, गुरुजी?"

मला वाटलं, आता कुत्र्याची गोष्ट येणार.

"नाही," बाबा म्हणाले. "अंधार पडला की नाही दिसत."

मी हे त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते. शेतकऱ्याने बाबांच्या हातातून सायकल घेऊन बंडीला टेकवली आणि त्यांना बाजेवर बसवलं. चहा झाला, गुळाचा, काळा. चहा पिता पिता तो म्हणाला की मंग शाळा सकाळची करा. गावाने दोनदा मागणी केली होती आणि बाबांनी दोनदा नाही म्हटलं होतं, हे मलाही माहीत होतं. सकाळची शाळा म्हणजे दुपारी मुलं कापूस वेचायला जाणार, म्हणून.

"लेकरं वावरात जातीन, हे खरं हाय," शेतकरी म्हणाला. "पण मास्तर गड्ड्यात पडला तं सकाळी बी शाळा नाई न् दुपारी बी नाई."

बाबा खाली बघत हसले. ते हसणं हरलेल्या माणसाचं होतं, आणि थोडं सुटलेल्या माणसाचंही.

पुढच्या आठवड्यात शाळा सकाळची झाली; चांगलं उजाडल्यावर निघायचं आणि दुपारी परत. गावाला वाटलं, मास्तर शेवटी मानले. त्या नवरा-बायकोंनी ते तसंच वाटू दिलं. दुपारी वर्गातल्या मुली वावरात दिसू लागल्या. भरतकामाला दोघी-तिघीच उरल्या आणि मग तेही बंद पडलं. बाबांना ते लागलं होतं. पण हंगाम संपल्यावर ते संध्याकाळी ओसरीवर बसून मुलांची राहिलेली गणितं तपासू लागले, मी वाचून दाखवायची आणि ते तोंडी सांगायचे.

आता मी नागपूरला शिकते. इथे रस्त्यावर विजेचे दिवे आहेत आणि माझ्याकडे कोणी वळून बघत नाही. मला हवं तसंच आहे, तरी कधी कधी धुई पडली की रिठदची वाट आठवते.

सगळ्यात जास्त आठवतो तो भरतकामाचा शेवटचा दिवस. शाळा सुटली तेव्हा चांगलं ऊन होतं. गावाबाहेर आल्यावर मी सवयीने पुढे होऊ लागले, तर बाबांनी टांग मारली आणि निघाले. जाताना-येताना, उजेडातसुद्धा, मी इतके दिवस त्यांच्यापुढेच राहिले होते, की ते सायकल कशी चालवतात हे मी कधी बघितलंच नव्हतं. धोतराचा सोगा खोचलेला, पाठ ताठ, आणि खड्डे ते नुसत्या कमरेच्या झोकाने चुकवत होते. मी जोरात पाय मारले, पण ते काही हाती लागले नाहीत.