निळं होईना झालंय

ही हकीकत सांगायचं मी कितीतरी वर्षं टाळत आलो. टाळत आलो म्हणजे गप्प बसलो असं नाही. उलट पुष्कळांना सांगितली, पण अर्धीच. नांदेडला आमच्या वसाहतीच्या बागेत आम्ही निवृत्त माणसं सकाळी जमतो. शुगर, पेन्शन आणि सुना एवढं बोलून झालं की कुणीतरी विचारतंच, या वयात फोनवरचं ते सगळं शिकून काही उपयोग होतो का? तेव्हा मंडळी माझ्याकडं बघायची. मी माझ्या बहिणीचं उदाहरण द्यायचो. खेड्यात एकटी राहणारी, सत्तरी ओलांडलेली, जेमतेम अक्षरओळख असलेली बाई. मी तिला फोन शिकवला आणि तिचं एकटेपण गेलं. तिथंच थांबायचो. पुढचं आज लिहितो.

बहीण माझ्याहून बरीच मोठी. तिला मी अक्का म्हणायचो. आई दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची तेव्हा मला अक्कानं कडेवर वागवलं. मी शाळेत जावं म्हणून तिची शाळा राहिली, असं घरात कधी कुणी बोललं नाही, पण झालं तसंच. मी शिकलो, सरकारी नोकरीला लागलो, नांदेडला घर बांधलं. तिला किल्लारीच्या बाजूला दिलं होतं. भूकंपात त्यांचं गाव गेलं आणि सरकारनं दुसऱ्या जागी वसवलं. जुन्या गावात आमच्या लोकांची घरं भिंतीला भिंत लागून होती. इकडं खोकलं की तिकडून विचारणा व्हायची. नव्या गावात रस्ते रुंद आणि घरं आपापल्या प्लॉटवर सुटी सुटी. दाजी होते तोवर तिला ते जाणवलं नाही. दाजी वारले, मुलगा-सून पुण्याकडं कंपनीत गेले, आणि त्या सुट्या घरात ती एकटी उरली.

मी दोन-तीन महिन्यांनी जायचो. लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर, तिथून औसा आणि औशाहून जीप. दिवस मोडायचा. गुडघे साथ देत नाहीत असं मी सांगायचो आणि ते खोटं नव्हतं. पण खरी अडचण गुडघ्यांची नव्हती. तिथं पोचल्यावर दुसऱ्या दिवसापासून मला करमायचं नाही. ती बोलत राहायची आणि मी परतीच्या गाडीचा विचार करत राहायचो. म्हणून मी तिला फोन दिला. तिच्यासाठी दिला असं सांगितलं. दिला माझ्यासाठी.

शिकवायला म्हणून मुक्काम केला. खुरपं धरून धरून तिच्या बोटांची कातडी इतकी जाड झाली होती की फोनची काच तिला दाद देईना. ती बोट पदराला पुसायची आणि पुन्हा दाबायची.

"हे साहेबावानी हाय," ती म्हणाली. "धा डाव हाक मारली तवा एक डाव बघतंय."

लिहायचं तिला जमणार नव्हतं. मी बोलून पाठवायचं शिकवलं. माईकचं चित्र दाबून धरायचं, बोलायचं, सोडायचं. पहिल्यांदा तिनं फोन तोंडाजवळ धरला आणि शेताच्या दुसऱ्या बांधावर ऐकू जावं अशा आवाजात म्हणाली, "जयभीम रं बाळा." मी समोरच बसलो होतो. मी खिशातून माझा फोन काढून दाबला आणि तेच पुन्हा वाजलं. ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

मग तिनं विचारलं, "तू जयभीम घेतला का न्हाई, ते मला कसं कळंल?"

हा प्रश्न साधा नव्हता. आमच्यात जयभीम घालणं जेवढं महत्त्वाचं, तेवढंच तो घेणं. आई म्हणायची, भांडण असलं तरी तोंड फिरवून का होईना, जयभीम घेऊन पुढं जावं. जो घेत नाही त्यानं समोरच्याला माणसात धरलं नाही असं होतं. नोकरीला लागून शहरात गेलेल्या कितीतरी जणांच्या नावानं आमच्या वस्तीत एवढंच बोललं जायचं, "आता ते जयभीम घेत न्हाईत." त्यापुढं काही बोलायची गरज नसायची.

मी तिला फोनवरच्या खुणा दाखवल्या. एक खूण म्हणजे निघाला. दोन म्हणजे माझ्यापर्यंत आला. दोन्ही निळ्या झाल्या म्हणजे मी उघडला. "निळं झालं की समज, अक्का, मी जयभीम घेतला," मी म्हणालो.

"निळंच होय?" ती म्हणाली. "मग ह्यो फोन आपल्यातलाच हाय की."

पहिले काही महिने खरंच चांगले गेले. हे मला नाकारता येत नाही. तिच्या मुलानं तिला घरातल्या ग्रुपमध्ये घेतलं. नातवाचे फोटो यायचे, परभणीच्या पुतणीचं लग्न तिनं घरी बसून बघितलं. शेजारच्या बायकांना बोलावून दाखवायची. तिच्या प्रत्येक बोलण्याला ग्रुपमधून अंगठ्याचं चित्र यायचं, त्यावर ती मला म्हणाली, "आपण अंगठा सोडावा म्हणून रात्रीच्या शाळेला जाऊन आलो, आन ही शिकलेली लेकरं मला अंगठाच दाखवून राहिलीत." मी ते बागेत सांगितलं. सगळे खूप हसले.

मी जाणं बंद केलं. ठरवून नाही. आधी एक फेरी चुकली. मग वाटलं, रोज बोलणं होतंच की. खरं तर बोलणं होत नव्हतं, ती बोलत होती. उजाडायच्या आत जयभीम यायचा. मग काय शिजवलं, शेळीला काय झालं, लाईट गेली का आली, कुणाच्या घरी कोण आलं. दुपारी पुन्हा. संध्याकाळी पुन्हा. मी सुरुवातीला उत्तर द्यायचो. मग नुसतंच उघडून ठेवू लागलो. मग तिचा फोन यायचा.

"निळं तर झालंय रं. मग बोलला का न्हाईस?"

"कामात होतो अक्का."

"पेन्शनीत कशाचं काम रं?"

ती चेष्टेनं विचारायची. पण त्या निळ्या खुणा आता माझ्याविरुद्ध साक्ष देऊ लागल्या होत्या. एकदा बागेतल्या मित्राजवळ मी कुरकुर केली. तो म्हणाला, "बंद करून टाका ना राव. सेटिंगमध्ये आहे. आपण वाचलं ते समोरच्याला कळत नाही. मी माझ्या व्याह्यासाठी केलंय." त्यानं तिथंच बाकावर बसून माझ्या फोनमध्ये ते करून दिलं. घरी येताना मला हलकं वाटलं, हेही लिहिलं पाहिजे.

कुणी म्हणेल, मोठ्या वसाहतीत राहायला गेल्यावर याला जयभीमची लाज वाटली असेल. तसं नव्हतं. लाज कधीच नव्हती. मला कंटाळा आला होता, माझ्या बहिणीचा. लाज असती तर माझ्या वागण्याला निदान काही कारण तरी असतं.

आठवड्याभरात तिचा फोन आला.

"बाळा, निळं होईना झालंय."

त्या क्षणी मी खरं सांगू शकलो असतो. एवढंच म्हणायचं होतं की अक्का, मला दिवसातून इतक्या वेळा जमत नाही. ती रागावली असती, चार दिवस बोलली नसती, मग बोलली असती. मी म्हणालो, "तुझा फोन जुना झालाय, अक्का. त्याच्यातच काहीतरी बिघाड असंल."

ती जीपमधून औशाला गेली. तिथल्या दुकानदारानं फोन उघडून बघितला आणि चांगला आहे म्हणून परत दिला. तिला पटलं नाही. "त्याला न्हाई येत दुरुस्त," ती मला म्हणाली. "लातूरला दावते." मी म्हणालो, "दाव." त्या वेळी कडक ऊन होतं. लातूरच्या स्टँडवर उतरून मोबाईलची दुकानं विचारत ती एकटी कशी फिरली असेल, याचा विचार मी तेव्हा केला नाही. मी काय केलं, तर दुसऱ्या सकाळी बागेत सांगितलं की माझी बहीण या वयात फोन दुरुस्तीला एकटी लातूरला जाते. मंडळींनी मान डोलावली. एक निवृत्त प्राध्यापक म्हणाले, "बघा, याला म्हणतात आत्मविश्वास." मी तो शब्द तिच्या वतीनं घेतला.

लातूरहून आल्यावर तिनं काही सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. तिचे मेसेज मात्र कमी झाले. आधी दुपारचे गेले, मग संध्याकाळचे. सकाळचा जयभीम काही दिवस येत राहिला, मग तोही थांबला. मला वाटलं, तिला आता सवय झाली. आपल्याला जे सोयीचं असतं तेच आपल्याला वाटतं.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी भाच्याचा पुण्याहून फोन आला. "मामा, आई नीट जेवत नाही म्हणतात शेजारचे. मला सुट्टी नाही. तुम्ही जरा बघून या." मी गेलो. ती ओसरीत बसली होती. इतकी वाळली होती की मला आधी तिची सासूच बसल्यासारखी वाटली, आणि सासू तर भूकंपातच गेलेली. मला बघून ती उठली, चहा टाकायला लागली. फोन फळीवर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, रबर लावून ठेवला होता.

"फोन वापरत न्हाईस?" मी विचारलं.

"काय वापरायचा," ती म्हणाली. चहा गाळला. माझ्यापुढं ठेवला. मग स्वतःशी बोलावं तसं म्हणाली, "त्या लातूरवाल्या दुकानदारानं सांगितलं मला. फोन चांगला हाय म्हनला. समोरच्यानंच ते बंद केलंय म्हनला."

मी कप उचलला.

"मी त्याला लई बोलले. म्हनलं, माझा भाऊ हाय त्यो, तसं करायचा न्हाई. चुकून दाबलं गेलं आसंल त्येच्याकडून." मग तिनं माझ्याकडं बघितलं. "चुकूनच झालं आसंल न्हवं?"

तिला सगळं कळलं होतं. कळूनही तिनं माझ्यासाठी वाट ठेवली होती, लहानपणी माझ्या खोड्या आईपासून लपवायची तशी. मी त्या वाटेनं निघून गेलो.

"हाव," मी म्हणालो. "चुकूनच झालं असंल."

"आसंल," ती म्हणाली. "भाकर टाकू का? येसराची आमटी हाय."

मी जेवलो. ती जेवली नाही. मी तिला चार घास खा असं दोनदा म्हणालो, कारण भाच्याला तसं सांगायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकरची जीप मिळाली म्हणून निघालो. घरी आल्यावर ते सेटिंग पुन्हा चालू केलं. पण तिच्याकडून काही येईल तर निळं होणार. काही आलं नाही. मी आधी जयभीम पाठवावा हे मला सुचलं होतं. रोज सुचायचं. तो फळीवर पिशवीतच पडून राहील, एकच खूण दिसेल, आणि ते बघणं मला सहन होणार नाही, म्हणून पाठवला नाही. तिनं ते किती दिवस सहन केलं होतं, हा हिशेब तेव्हा मनात आला नाही.

पाऊसकाळ संपता संपता ती गेली. मला मातीला पोचायला उशीर झाला. पुण्यानुमोदनाला गाव जमलं होतं. बौद्धाचार्यांचं झाल्यावर भाच्यानं मला बोलायला उभं केलं. समोर तिच्या वयाच्या बायका बसल्या होत्या, ज्यांना ती बोलावून बोलावून फोन दाखवायची. मी काय बोललो, तर बागेतलंच. अडाणी असून ती फोन शिकली, जगाशी जोडली गेली, शेवटपर्यंत कुणावर ओझं झाली नाही. भाच्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मागं बसलेली एक म्हातारी मात्र सारखी माझ्याकडं बघत होती. निघताना मी तिला जयभीम घातला. तिनं घेतला, पण फार वेळानं.

बागेत तो प्रश्न अजून निघतो. फोन शिकल्यानं म्हाताऱ्या माणसाचं एकटेपण कमी होतं का? आता मी बोलत नाही. पूर्वी मी औशाला उतरेपर्यंत अक्काला माहीत नसायचं की मधल्या दोन महिन्यांत मी तिची आठवण काढली की नाही. काढली असेल असं समजायला तिला जागा होती. माणूस त्या जागेत बरीच वर्षं काढू शकतो. मी फोन दिला आणि ती जागाच काढून घेतली. तिला रोज, दिवसातून कितीदा तरी, नेमकं कळू लागलं की कुणी ऐकत नाही. आता माझा मुलगा बंगळुरूला असतो. मीही सकाळी त्याला मेसेज पाठवतो. तो सज्जन आहे, अंगठा पाठवतो. त्याला मी काही म्हणत नाही. म्हणायचं तोंड मला उरलेलं नाही.

तिच्यापुढं चहाचा कप घेऊन बसलो होतो तेव्हा जे दोन शब्द बोलायचे राहिले, ते मी नंतर फार वेळा मनात जुळवले. बसमध्ये, बागेत, दाढी करताना. ते काही मोठे नाहीत. अक्का, चुकून नाही झालं. मीच बंद केलं होतं, तू सारखी बोलायचीस म्हणून. तुला उन्हातान्हात लातूरला जाऊ दिलं, तेव्हाही मला माहीत होतं. मला माफ कर.