मागचं दार

रेल्वेत चिकटल्यावर मी कुडव्याला पहिलं घर घेतलं, सावकाराच्या पैशावर, घर त्याच्याकडेच गहाण ठेवून. व्याजाऐवजी त्याने पुढची खोली वापरायला मागितली. मूर्ख मी, उलट खूश झालो! त्याने तिथे बिडीच्या पानांची पोती रचली आणि पुढच्या दाराला आपलं कुलूप ठोकलं. नव्या घरात बायको शिरली ती मागच्या गोठ्याकडून.

"आपल्याच घरात चोरावानी कायले जाऊन राहिलो जी?" तिने विचारलं. मी तिच्यावरच खेकसलो. पुन्हा तिने विचारलं नाही.

आमचे केस पिकल्यावर घर सुटलं. मी पुढचं दार सताड उघडलं, तोरण बांधलं आणि अंगणात उभ्या बायकोला हाक मारली.

"आली जी," म्हणत ती वळसा घालून मागच्या दाराने आत आली.